डावा पुढे, की उजवा?

वीस वर्षं दुकानात मी हाच प्रश्न विचारत आले :
डावा पाय पुढे, की उजवा?
आणि ल्युब्लियानाहून आलेली पोरं
खाली वाकून आपल्याच पायांकडे बघायची,
जणू ते आत्ताच कुणी आणून जोडलेत.
मी हसायचे. स्क्रू आवळायचे.
चला, पुढचा.

आज दुकान बंद. मंगळवार. धुकं.
वोगेलच्या उतारावर चिटपाखरू नाही.
तीन हिवाळे कुणीच न्यायला न आलेला
एक हिरवा स्नोबोर्ड काखोटीला मारून
वर आलेय मी, सत्तेचाळिसाव्या वर्षी.
सोबत तिलेन, लिफ्टवरचा पोरगा,
ज्याच्या पायात पहिले बूट मीच चढवले होते
आणि जो भोकाड पसरून रडला होता.

"डोळे मिटा, व्लास्ता," तो म्हणतो,
आणि मागून हलकेच ढकलतो.
सावरायला जो येतो, तो पुढचा पाय.

आला उजवा.
तोच, ज्याच्या गुडघ्यात दोन खिळे आहेत
विसाव्या वर्षीच्या शर्यतीपासून.
त्याला जपत, जरा मागेच ठेवत आले मी.
मला वाटायचं, तो भितो.

दोन होड्यांवर पाय ठेवू नये म्हणतात.
मी जन्मभर ठेवले.
तिसऱ्या वर्षापासून, दोन्ही होड्या भरधाव,
आणि कधी बुडाले नाही.
आता दोन्ही पाय एकाच होडीत आवळलेत
तर दर चार हातांवर बुडते.

टाचेवर भार दिला : माकडहाड.
चवड्यावर दिला : हनुवटी.
सरळ उभी राहिले, काहीच केलं नाही,
तर खालची कड गुपचूप रुतली
आणि धोबी धुणं आपटतो तशी
आपटले गेले.
आणि हात! काठ्यांशिवाय हे हात
परक्या लग्नात आल्यासारखे
कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना.
अर्धं जग पाठीमागे.
डोंगराकडे पाठ करून मी कधी उतरले नव्हते.

"पायांकडे बघू नका," तिलेन सांगतो.
हे वाक्य माझंच आहे, पोरा.
शब्द, सूर, अगदी तो मधला उसासासुद्धा.

अकराव्यांदा पडले तेव्हा उठलेच नाही.
वाटेच्या मधोमध फतकल मारून बसले,
जसे हे फळीवाले बसतात,
ज्यांना मी वर्षानुवर्षं
शेजारून सपकन जाताना
ऐकू जाईल इतपत शिव्या घातल्या.
बसल्यावर कळलं की धुक्याला आवाज असतो.
लिफ्टचं चाक दूर कुठेतरी खोकत होतं.
हातमोज्यावर एक कण पडला, सहा टोकांचा,
आणि विरघळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले.
चव्वेचाळीस वर्षं या बर्फावरून गेले,
बर्फात बसले नव्हते.

मग एकदा, नेमकं कसं ते विचारू नका,
खांदा वळला, मागोमाग कंबर,
आणि फळी माझी वाट न बघता
टाचेवरून चवड्यावर गेली.
एकच वळण. एक हिरवी, लांब, वाकडी ओळ.
पुढे उजवा गुडघा होता. कुरकुरला नाही.
तिलेन ओरडला. मी त्याच्याकडे बघायला वळले
आणि अर्थातच पडले.

खाली सपाटीवर
एक पाय सोडवून, एक अडकवून
लंगड्या बगळ्यासारखी पाय मारत
लिफ्टपर्यंत आले. रांगेत म्हातारा अलोयझ,
लाकडी स्कीच्या काळातला. वरपासून खालपर्यंत
न्याहाळून म्हणाला, "दुसरी हरवली वाटतं?"

शनिवारी दुकानात एक मुलगी आली,
नऊ-दहा वर्षांची, उसना कोट.
मी स्टुलावर उशी घेऊन बसलेले.
डावा पाय पुढे, की उजवा?
ती खाली बघू लागली.

हसले नाही.
कशीबशी उठले, काउंटरला वळसा घातला,
म्हटलं, डोळे मीट.
पाठ कर इकडे.