कळंक

बर्फाचा प्रदेश आला की स्क्रीन जाते.
इतर कुठेही नाही. जंगलात तासभर फिरा,
बाजारात तलवारी विका,
पण खिंड ओलांडून बर्फात पाऊल टाकलं
की आधी हिरव्या रेघा, मग काळोख,
आणि पंखा एकटाच ओरडत राहतो
माणसं उतरून गेलेल्या होडीतल्या इंजिनासारखा.

कार्ड जुनं. पुण्याच्या एका मुलाकडून घेतलं,
हर्णैच्या लिलावात पावत्या लिहून साठवलेल्या पैशांत.
फारसं वापरलेलं नाही, आईशप्पथ, म्हणाला होता.
उघडलं तर आतल्या धुळीला उदबत्तीचा वास.
इतकी कोरडी धूळ
आमच्याकडे विकतसुद्धा मिळायची नाही.

ड्रायव्हर पुसला, नवा घातला, मग जुनाच परत आणला.
सोनेरी दातांवरून शाळेतलं खोडरबर फिरवलं.
पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावायची म्हणतात,
मी वाटाण्याएवढी लावली, भीतीपोटी.
खिडकी उघडली तर दमट वारा,
लावली तर सुकटीचा वास कोंडलेला.
चौऱ्याऐंशी अंश.
पडद्यावर बर्फ भुरभुरतोय आणि चौऱ्याऐंशी अंश.

खाली बंदरावर बर्फाचा कारखाना सुरू व्हायची वेळ
आणि कार्ड मरायची वेळ
एक दिवस जुळली, दुसऱ्या दिवशीही जुळली.
वहीत लिहिलं : कारखाना. व्होल्टेज?
तिसऱ्या दिवशी कारखाना बंद होता.
कार्ड तरी मेलं. ओळ खोडली.
पुण्याच्या मुलाला लिहिलं, चोर आहेस.

बाबांनी कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही.
हरेश्वर पावसे म्हणजे ट्रॉलरची इंजिनं,
नखांखाली कायमचं काळं, डावा कान गेलेला.
त्या रात्री जेवून, हात पुसत आले.
"चालू कर."
लांब पान्याच्या पेटीतला लांब स्क्रू ड्रायव्हर,
टोक पंख्याशेजारच्या पत्र्यावर टेकवलं,
मूठ उजव्या कानाला. डोळे मिटले.
मी बर्फात चालत गेले.
"बेरिंग बरं आहे," म्हणाले,
"पण ह्याला भूक लागली की
कुणीतरी ताट अडवतंय गो बाय."

मी वॅट सांगायला लागले, त्यांनी हात वर केला.
जाड वायर जिथे कार्डात शिरते
तिथे नाक नेऊन हुंगलं.
बंद करायला लावलं. प्लग ओढून
विजेरीच्या उजेडात धरला.
आठ भोकं. सहा चकचकीत.
दोघांच्या तळाशी हिरवं,
कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिल्यावर धरतं तसं,
आणि कडेचं प्लॅस्टिक जरासं तपकिरी.
"कळकलंय."

दोन महिने मी इंग्रजीत शोधत होते.

आणि ते हिरवं पुण्याचं नव्हतं.
वायर माझी, पाच वर्षं ह्याच खिडकीखालची.
कार्ड बिचारं कोरडंठाक आलं होतं,
खार आमचा.

दुसरी केबल खोक्यात होती, पिशवीसुद्धा न फोडलेली.
लावली. खिंड ओलांडली. बर्फ पडला, पडत राहिला,
मी श्वास धरून चालले, आणि पलीकडे
एक बंदर निघालं.
इथवर मी कधी आलेच नव्हते.

बाबा पाठीमागे उभे.
"ही होडी चुकीची बांधलीय. दोर आखूड.
ओहोटीला लटकेल."
इथे ओहोटी नसते, बाबा.
"मग हे ओलं कशाने झालं?"
धक्क्याच्या दगडांवर खरंच एक गडद पट्टा होता,
कुणीतरी काढून ठेवलेला, नुसता शोभेला.
ते खुर्ची ओढून बसले,
पाणी उतरायची वाट बघत.

मी मोबाइल घेतला. पुण्याच्या मुलाला
काय लिहावं ते सुचेना.
चूक माझी होती, एवढं लिहिलं.
पाठवणार तर साडेअकराला सगळंच गेलं :
स्क्रीन, पंखा, रस्त्यावरचा दिवा,
खालचं अख्खं बंदर.

अंधारात बाबांचा आवाज आला,
"मी कशाला हात लावलेला नाही हं."