तारूस फितूर निघाला

अपडेट पावणेदोन जीबीचं.
दाभोळच्या धक्क्यावर रेंज, धोपाव्याला नाही,
म्हणून तीन दिवस
खाडीच्या फेऱ्यांतून तुकड्यातुकड्यानं उतरलं.
तिकिटं फाडत होतो, टक्के मोजत होतो.

आणि आता हे. तारूस फितूर.
पहिल्या लेव्हलपासूनच, म्हणे.

ज्यानं मला कंदील धरायला शिकवलं,
"उजवीकडून जा, पूल कुजलाय" म्हणाला,
त्याचा तो पूल धड होता.
काल जुना गेम उघडून मुद्दाम गेलो त्यावरून.
एक फळीसुद्धा वाजली नाही.

मुजम्मिल म्हणतो, लिहिणाऱ्यांनी घाईत गुंडाळलं,
राणी एलमाचं तर तोंडच बदललंय,
रडते तेव्हा शिंक अडकल्यासारखी दिसते.
हसलो. तेवढ्यात एक टेम्पो बिनतिकिटाचा चढला.

पण ती लांबची वाट डोक्यातून जात नाही.
तिथं तळ्याकाठी
तो दर वेळी थांबायचा, काही न बोलता.
विशेष नव्हतंच काही. पाणी, दोन बगळे.
फितुराला कशाला हवेत बगळे?

शेवटी दोन बटणं येतात: मारा, सोडा.
खाली आकडे उलटे पळतात.

शेवटची फेरी.
समोर धोपाव्याचे चार दिवे.
मी काहीच दाबलं नाही.
खाडीच्या मधोमध रेंज गेली,
आणि तारूस, अर्ध्या शब्दावर,
तोंड उघडं ठेवून
माझ्याकडं बघत राहिला.