भिंतीला कान

"झोपेत नक्की काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.
मला कसं कळणार?
मी तर झोपलेली असते.

"रात्री ऐकणारं कोणी आहे का घरात?"
हे संगणकाकडे बघत.
नाही, म्हटलं. नऊ वर्षं झाली.

मला सांगता येण्यासारखं एवढंच:
पहाटे चारला दचकून उठते,
विहिरीतून वर काढल्यासारखी हवा ओढते.
सकाळी कपाळ ठणकतं, जीभ चामड्याची.
आणि परवा वर्गात, अपूर्णांक शिकवताना,
हातात खडू, उभ्याउभ्याच डुलकी.
पोरं हसलीसुद्धा नाहीत. घाबरली.

आधी दम्यावर संशय.
हॅलिफॅक्सची ओल, खिडकीच्या चौकटीवर काळी बुरशी,
म्हणून निळा पंप.
पण माझ्या छातीत शिट्टी वाजत नव्हती,
पंप ओढला तरी चारला जाग ती जागच.
मग पित्त. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा;
आठवडाभर मी पायथ्याकडे घसरत राहिले,
घशाशी आंबट काही आलंच नाही.
मग हृदय.
घोट्यावर अंगठा दाबून पाहिला, खळगा राहतो का.
"आडवं पडलं की गुदमरतं? उशा वाढवाव्या लागतात?"
माझी एकच उशी, तीही पातळ.
मग वय.
"बावन्न? मग होतं असं बायकांना."

मिरजेहून मावशी म्हणाली, मुंजा बसतो छातीवर,
उशाशी अडकित्ता ठेव.
अडकित्ता नव्हता. कात्री ठेवली.

गुरुवारी कचऱ्याचे डबे बाहेर ओढताना
शेजारचे क्लिफर्ड होल्ड्सवर्थ घुटमळले.
वय एक्क्याऐंशी, गालिच्यांच्या गिरणीतले विणकर,
एक कान मागाने खाल्लेला, एक शाबूत.
"रागावू नकोस, सू."
(सुमेधा त्यांच्या तोंडात मावत नाही.)
"तुझ्या घोरण्याचं काही नाही,
माग चालू असला की विणकराला झोप लागते.
जाग येते ती माग थांबल्यावर.
तू थांबतेस.
मी मोजतो. वीस. पंचवीस. एकदा सदतीस.
मग एक आचका, आणि पुन्हा सुरू."

कानशिलं तापली माझी.
ज्या अंगाला कोणी नाही म्हणून सांगत आले,
तिथेच, वीतभर विटेपलीकडे,
एक म्हातारा माझे न घेतलेले श्वास मोजत होता.

लॉटरीच्या तिकिटामागे पेन्सिलीने लिहिलेले त्यांचे आकडे
मी डॉक्टरांपुढे ठेवले.
ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

इस्पितळाने एका रात्रीपुरतं यंत्र दिलं,
छातीला पट्टा, बोटाला चिमटा.
तासाला चौतीस वेळा, त्यांनी सांगितलं.
घसा मिटतो, छाती ओढत राहते, हवा येत नाही.
पंप, विटा, कात्री, सगळं एका पिशवीत भरलं.

आता नाकावर मुखवटा, उशाशी जेवणाच्या डब्याएवढा पंखा.
घरात चिडीचूप.
पहिल्याच रात्री तीन वाजता दार वाजलं.
क्लिफर्ड, सपातांत, पांढरेफटक.
"काहीच ऐकू येईना गं."

तेव्हा ठरलं:
सकाळी सहाला मी भिंतीवर दोनदा ठोकायचं,
त्यांनी एकदा.

आज ठोकलं.
उत्तर नाही.
मी मोजायला लागले.
अकरा. बारा.
मुखवट्याचा पट्टा हातात तसाच.
सतरा. अठरा.
एकोणीस.

ठक.