खालचा पाइप

नेफासितच्या वळणावर ती दर वेळी उकळायची.
मसाव्याहून निघताना काटा सत्तरावर, शहाण्यासारखा.
दोगालीला ऐंशी, गिंड्याला नव्वद,
आणि ढग हाताशी यायला लागले, गार वारा सुटला,
की बाई तापल्याच.
बाहेर स्वेटरची थंडी, आत चुलाण.

अठ्ठावन्न सालची फियाट, अकराशेवाली.
माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान
आणि माझ्यासारखीच चढाला चिडकी.

सल्ल्यांना तोटा नव्हता.
मेव्हणा म्हणाला, रेडिएटर चोंदलाय. धुतला.
उलटा करून धुतला, अर्धी बादली तपकिरी चिखल निघाला.
काटा तसाच.
कॉफीचा तिसरा कप ओतता ओतता हिरिती म्हणाली, थर्मोस्टॅट.
काढून फेकला.
पट्टा नवा, टोपण नवं.
हेडच्या गॅस्केटचा विषय निघाला तेव्हा
बायकोने गपचूप कानातल्यांवर हात ठेवला.
रोग रेड्याला, औषध पखालीला.
आणि गॅरेजच्या दारात उभी केली
की तासभर गुरगुरायची, काटा हलायचा नाही;
डॉक्टरच्या पायरीवर ताप उतरावा तशी.

शेवटी अब्रेहेतकडे नेली.
तिचं दुकान सायकलींचं. बाप गेल्यापासून
मोटारींना ती नाहीच म्हणते.
उभ्या उभ्या बघते, म्हणाली.
बॉनेट उघडलं. कशालाही हात लावला नाही.
पोरगा, यिसहाक, त्याला आत बसवलं:
दाब. अजून. घाटात दाबतात तसा दाब.
इंजिन किंचाळलं.
ती वाकून खाली बघत राहिली,
मग मला नुसत्या मानेनं बोलावलं.

रेडिएटरच्या बुडाशी जाड काळा पाइप,
ज्यातून पंप पाणी ओढतो.
पोराने पाय दाबला की त्याची गालफडं बसत,
आत, अजून आत,
भिंतीला भिंत चिकटेपर्यंत.
पाय काढला, की फुगला.
जसं काही झालंच नाही.

"पाणी आहे," अब्रेहेत म्हणाली, "घशाखाली उतरत नाहीये.
यात स्प्रिंग असते. कोणीतरी काढून टाकलीये."
कोणीतरी म्हणजे मी.
सात वर्षांपूर्वी, घाईत. गंजलेली होती,
मला वाटलं घाण आहे.
ते मी तिथे बोललो नाही.
मेव्हण्याला अजून माहीत नाही.

बंद पडलेल्या थिएटरच्या खुर्च्या तिच्या मागच्या अंगणात.
एकीचं बूड फाडून तिने स्प्रिंग काढली,
साबणाच्या पाण्यात बुडवली,
पिळत पिळत पाइपात सरकवली.
"हीही गंजेल. दोन वर्षांनी ये."
पैसे घेतले फक्त साबणाचे.

नेफासितला काटा ऐंशीवर.
सवयीने थांबलोच.
निवडुंगाची फळं विकणारी लेतेंगुस
नेहमीचा पाण्याचा डबा घेऊन उठलीसुद्धा होती.
"नको," म्हणालो.
ती बॉनेटकडे बघत राहिली, वाफ कुठे गेली म्हणून,
मग डबा खाली ठेवून
त्याच पाण्यात फळांचे काटे धुवायला बसली.
मी सहा घेतली. तिने सात दिली.

वर निघालो तर मागच्या डाव्या चाकात
काहीतरी टकटकत होतं.