घट धरून

एका पोत्यात पन्नास किलो कांदे,
तर बारा पोत्यांत एकूण किती?
फळ्यावर प्रश्नचिन्हाचा ठिपका पडतो न पडतो
तोच तिसऱ्या बाकावरून आवाज:
बाई, घट धरून, का घट न धरता?

जिविका ढेबे. इयत्ता तिसरी, तुर्भे स्टोअर.
वडील माथाडी, कांदा-बटाटा मार्केट.
गाळ्यांचे नंबर तोंडपाठ,
आठाचा पाढा मात्र अठ्ठेचाळिसाशी अडतो.

मी विचारलं, घट म्हणजे काय गं?
अख्खा वर्ग माझ्याकडे बघू लागला,
जणू बाईंनी विचारलं, पाणी म्हणजे काय.

मग तिनंच समजावलं, बोटं न वापरता.
पोतं नाही बाई, गोणी.
बारदानाचं वजन वेगळं.
ओतूरहून गाडी येईस्तोवर माल वाळतो,
खालच्या थरात दोन-चार नासके निघतात,
टरफलं तर वाऱ्यावरच जातात.
म्हणून पन्नासाचे अठ्ठेचाळीस धरायचे.
शेठ सत्तेचाळीस धरतो.

मार्गदर्शिकेत उत्तर छापलंय: सहाशे.
तिच्या वहीत: पाचशे शहात्तर.
खाली बारीक अक्षरात, शेठचे पाचशे चौसष्ट.
दोन्ही गुणाकार बिनचूक, हातचेसुद्धा जागच्या जागी.
लाल पेनाचं टोपण काढून मी बसून राहिले.

वीस वर्षं शिकवतेय शाब्दिक उदाहरणं.
कधी लक्षातच आलं नाही,
पुस्तकातला वाणी सुट्टे नाहीत म्हणत नाही,
पुस्तकातली टाकी नळ सोडला की भरतेच,
आणि पाच मजूर दहा दिवसांत भिंत बांधतात ती
पाचांपैकी एकालाही ताप न येता.

शनिवारी म्हटलं, प्रत्येकानं घरून एक उदाहरण आणा.
निम्म्यांनी आणलीच नाहीत.
नाझिमानं आणलं बटणांचं:
एका कुर्त्याला सहा, डझनाला अम्मीला अमुक रुपये,
लाइट गेली तर किती?
हितांश मढवीनं मोठ्या अक्षरात लिहिलं:
आजोबांची जमीन चार एकर. सिडकोनं साडेबारा टक्के परत दिली.
भाऊ पाच. प्रत्येकाला किती?

टक्के अजून शिकवले नाहीत रे, मी म्हणाले.
आमच्याकडे रोज असतात, तो म्हणाला.
मग मीच सोडवलं, फळ्यावर, एकरांचे गुंठे करून.
एकशे साठ. त्यातले वीस. वीस भागिले पाच.
निःशेष भाग गेला. बाकी शून्य.
हितांश म्हणाला, तरी नाना काका आमच्याशी बोलत नाही.
ते कुठल्या घरात मांडायचं,
एककाच्या की दशकाच्या,
मी डस्टर उचललं.

चाचणीच्या आदल्या दिवशी जिविकाला बोलावून घेतलं.
हे बघ, पेपरात सहाशेच लिहायचं.
तिनं मान हलवली. शहाणी आहे.
दारापर्यंत गेली, वळली,
मग चोवीस किलो कुणी नेले, बाई?

पेपरात तिनं सहाशे लिहिलं, एकक किलोसकट.
मी दोन पैकी दोन दिले.
मला वाटतं, त्या दिवशी वर्गात कुणीतरी नापास झालं.

संध्याकाळी कोपरखैरण्यात उतरून
नाक्यावर अर्धा किलो कांदे घेतले.
घरी एक काटा आहे, मुलीनं केकसाठी मागवलेला,
दोन केकनंतर कपाटात गेलेला.
पुसला. कांदे ठेवले.
चारशे सत्तर.
सोलले, पुन्हा ठेवले. चारशे तीस.
टरफलं वेगळी ठेवली तर काटा आकडाच दाखवेना,
नुसता लुकलुकला आणि बंद पडला.

सोमवारी वर्गात नेईन म्हणते.
सेल बदलायला हवेत.