ओष्ठ्य

आवाज आधी ओळखला मी, चेहरा नंतर.
कोलोबानच्या बाजारात, भर दुपारी, माझ्या छत्रीखाली
ती म्हणाली, "लाल दाखव गं एखादा,"
आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.
बावीस वर्षं, रोज सकाळी सव्वासातला
हाच आवाज रेडिओवरून
डाकारमधल्या मेलेल्यांची नावं वाचतो:
कोण, कुणाचा, कुठल्या वस्तीतला, दफन किती वाजता.
आम्ही त्याच आवाजात साखर ढवळतो.

"स्टुडिओत कॅमेरा बसवलाय," अब्सा न्दूर म्हणाली,
ओशाळून, दोष तिचाच असल्यासारखी.
"सोमवारपासून फोनवर दिसणार मी सगळ्यांना.
पोरगा म्हणतो, आई, तू विझल्यासारखी दिसतेस.
तेव्हा लाल हवाय.
पण मी वाचते काय, ते तुला ठाऊक आहे."

आता आली का पंचाईत!
लग्नाचा लाल आहे माझ्याकडे, भांडणाचा आहे,
सवत घरात यायच्या दिवशी लावायचा
तर महिन्याला डझनभर खपतो.
पण खुलून दिसावं
आणि खूश दिसू नये,
असला लाल कुठल्या कारखान्यात करतात?

शेंदरी लावला. ओठ लगेच हसायला लागले
तिला न विचारता.
पुसला.
मग पॅरिसहून आलेला, सोनेरी टोपणाचा, महागडा.
तिच्या काळ्याभोर तुकतुकीत कांतीवर
तो राखाडी पडला, खडू खाल्ल्यासारखा.
ज्यांनी तो घोटला, त्यांच्या डोळ्यांपुढे
आमचे ओठ कधी नव्हतेच.
विटकरी लावला, तर लावलाय की नाही तेच कळेना.
"हा बरा आहे."
"बरा नाही, भित्रा आहे," मी म्हणाले.

शियाच्या लोण्याचा बोळा. पुन्हा पुसणं.
तिचे ओठ हुळहुळले, माझी बोटं
कोंबडी कापल्यासारखी.

शेवटी दोन कांड्या मोडल्याच.
एक जांभळट, एक डाळिंबी.
डबीच्या झाकणात काडेपेटीच्या काडीनं घोटत गेले,
अंबाडीची बोंडं रात्रभर भिजल्यावर
पातेल्याच्या तळाशी जो रंग बसतो
तिथपर्यंत.
लावला, आणि तिला छत्रीबाहेर उन्हात ओढलं.
सावलीत कुठलाही लाल खरं बोलत नाही.

आरशात ती नुसती बघत राहिली.
"मिटल्या तोंडानं काय कळणार? वाच काहीतरी."
"काय वाचू?"
"नाव वाच. ओठाला ओठ लागेल असं."
"कुणाचं?"

पेंडा म्बाये, मी सांगितलं.
माम बिराम म्बायेंची लेक, मेदिना, गल्ली एकोणीस,
दफन योफला, दुपारच्या नमाजानंतर.
हे मला पाठ कसं, तिनं विचारलं नाही.
बुबूची बाही सावरली, मान किंचित खाली घातली
आणि त्या आवाजात वाचलं.
पें-ला ओठ मिटले.
म्ब-ला जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले,
एप्रिलमध्ये रेडिओवर हे मला दिसलं नव्हतं.
मग सुटले.
रंग दाताला लागला नाही,
कोपऱ्यात गोळा झाला नाही,
नावाच्या पुढे गेला नाही.

"हाच," मी म्हणाले. नाक पुसलं. धूळ फार होती त्या दिवशी.

चार हजार सांगितले. ती दोन हजारांवरून हलेना.
मोडलेल्या कांड्या दाखवल्या, बोहनीची शपथ घातली,
पण बाई पक्की.
अडीच हजारांत घेऊन गेली,
वर सोनेरी टोपण मागून.

सोमवारी सकाळी बाजार अजून फळ्या काढत होता.
शेजारचा चपलावाला सेरीन्य
चिरा गेलेला फोन कट्ट्याला टेकवून बसलेला.
हातगाड्या, हॉर्न, बकऱ्या. ऐकू काहीच येत नव्हतं.
नुसते ओठ दिसत होते:
मिटत, उघडत, मिटत.
किती म आहेत आमच्या माणसांच्या नावांत.

"बाईच्या चेहऱ्यावर आज जीव आहे," तो म्हणाला.
"काही लावलंय का गं तिनं?"

"छे," मी म्हणाले,
आणि अंबाडी लागलेलं नख
मुठीत घेतलं.