सत्त्याण्णव टक्के

पट्टी खाली हवी. पडद्याच्या तळाशी, उंबऱ्यासारखी.
बोगोमिर म्हणतो डावीकडे, उभी, म्हणजे उंची वाया जात नाही.
एकतीस वर्षं त्यानं खाणीत तारा सोडल्या,
त्याला सगळं उभंच दिसतं.

इद्रियातला पारा थांबला, खाण मिटली,
चढउतार तेवढे माणसांच्या मतांचे राहिले.

मंगळवारी लेस-शाळेच्या मागच्या खोलीत
आम्ही पाच जण आणि सात लॅपटॉप,
एकाचं बिजागर लेसच्या दोऱ्यानं बांधलेलं.
बोगोमिर पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून हिंडतो.
कुणाचं मशीन रखडतंय असं कानावर आलं
की आधी जुडगा वाजतो, मग तो दिसतो.
"हे घाला. हलकं आहे. दोन जीबीत सुखानं नांदतं."

तेरेझियाला सुखानं नांदणारं नको.
तिला खिडकी ओढली की जेलीसारखी थरथरायला हवी.
"या वयात काहीतरी आपोआप हलू दे," म्हणते.

मला कुणी विचारत नाही, म्हणून सांगते.
फाइल दोन टिचक्यांनी उघडावी;
एका टिचकीत माझी संधिवाताची बोटं
भलत्याच घरात शिरतात.
अक्षरं मोठी, चित्रं थोडी.
लिहायला साधा एडिटर, जो काहीही सुचवत नाही.
सुचवणाऱ्यांचा मला जन्मभर पुरवठा झाला आहे.
आणि नक्षीसाठी तो प्रोग्रॅम, ज्यात वक्ररेषा
जिथे ठेवली तिथे राहते.
नवऱ्याकडूनही मी एवढंच मागितलं होतं.

नाताळात येर्नेय ल्युब्ल्यानाहून आला
आणि मी स्वयंपाकघरात असताना सगळं बदलून गेला.
"आता हेच वापरतात, नोना."
पट्टी वर गेली.
छपाई तीन आडव्या रेघांच्या मागे जाऊन बसली.
मी बोलले नाही. पोटिकाचा आणखी एक तुकडा वाढला.

फेब्रुवारीत कॉलरचा दुसरा अर्धा छापला.
पहिला शरदातच विणून झाला होता.
कागद उशीवर टाचला, टाचण्या रोवल्या,
बॉबिनच्या अकरा जोड्या, नऊ रात्री.
दोरा दाटत होता, जाळी बुजत होती,
मी म्हटलं हात जड झालाय.
मग दोन्ही अर्धे शेजारी ठेवले:
सहा मिलिमीटर आखूड.

डोळे गेले, असं समजून मी रडले. खरंच रडले.
डॉक्टरची वेळ घेतली.

बोगोमिरनं डोळ्यांकडे पाहिलंच नाही, फूटपट्टी मागितली.
कागदाच्या कोपऱ्यात मी नेहमी
दहा सेंटिमीटरची रेघ काढते, आईची शिकवण.
त्यानं मोजली. नऊ पूर्णांक सात.
"तुझे डोळे नाहीत, व्लास्ता. 'पानात बसवा' आहे."
म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, मला न भेटता
ठरवून टाकलं होतं
की कागदाला समास हवाच, नक्षीनं थोडं अंग चोरावं.
इतकं कमी, की दिसू नये. इतकं जास्त, की जुळू नये.

त्यानं काळी खिडकी उघडली, एक ओळ लिहिली.
मी ती विजेच्या बिलाच्या पाठीवर उतरवून घेतली.
अर्थ विचारला नाही. कुठला दोरा कशावरून जातो
एवढं कळलं की हात पुढचं बघतो.
रेघ मोजली: दहा.

"आता तुझ्यासाठी पट्टी डावीकडे घेते," मी म्हटलं,
ऋण ठेवायची मला सवय नाही.
त्यानं चष्मा पुसला.
"पडदा तुझा," म्हणाला, आणि ती खाली आणून ठेवली,
जराशी नाइलाजानं, जुडगा वाजवत.

आखूड अर्धा मी उसवला नाही.
तेरेझियाच्या लॅपटॉपवर घातलाय, धुळीसाठी;
पुढे लोंबणारी कड तिच्या थरथरत्या खिडक्या
वरून दोन बोटं झाकते, तो तिचा प्रश्न.

डॉक्टरची वेळ रद्द केली नाही.
मंगळवार नाही ना, एवढं पाहून घेतलं.